ॲल्युमिनियमच्या पॉन्टून बोटीच्या तळावरचा थर निघता निघत नाही, काय करावं?

पाणकोंबडा

रामराम मंडळी,

रामटेकच्या बाजूला एका तलावावर आमची पर्यटकांना फिरवायची पॉन्टून बोट आहे. खाली ॲल्युमिनियमच्या दोन लांब ट्यूब, वर प्लायचा डेक, मागे आउटबोर्ड इंजिन. मालक माझे मामा, धावपळ माझ्या गळ्यात. तलावाचं पाणी उतरलं तसं बोट क्रेनने काठावर घेतली आणि तळ पाहून सगळेच गप्प झालो.

पाण्याच्या रेषेला चार बोटं रुंद पांढरा पट्टा आहे. नखाने खरवडला की भुकटी पडते. त्याच्या खाली हिरवट-काळा थर, कुठे बुळबुळीत, कुठे वाळून खरखरीत झालेला. इंजिनाजवळ राखाडी-हिरव्या गाठी आहेत, त्यांना हात लावला की खाज सुटते. बोट जड झाली आहे, तेवढ्याच थ्रॉटलला हळू चालते आणि पेट्रोल जास्त पिते.

गॅरेजवाला म्हणतो, "तेजाब मारा, पाच मिनिटांत चकाचक." मामा म्हणतात, ग्राइंडरला वायरब्रश लाव आणि घे घासून. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरा उपाय माहीत नाही. पावसाळ्याआधी बोट परत पाण्यात टाकायची आहे. फोटो खाली देतोय.

तर्री_पोहे

फोटो दिसत नाहीत.

पाणकोंबडा

परत चढवले. आता बघा.

धरमपेठी

दिसले. बाप रे! आम्ही याच बोटीत बसून शेंगदाणे खात होतो की काय?

वेल्डर_हिंगणा

मामांना सांगा, ग्राइंडर बाजूला ठेवा. या ट्यूबचा पत्रा साधारण दोन ते तीन मिलिमीटरचा असतो, बहुतेक ५०५२ नंबरचा मिश्रधातू. पोलादी वायरब्रशच्या तारांचे बारीक कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात. पाण्यात गेल्यावर ते गंजतात आणि प्रत्येक कणाभोवती ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. पुढच्या उन्हाळ्यात तळावर तपकिरी ठिपके आणि ठिपक्यांखाली खड्डे. स्टीलवूल म्हणजे भांडी घासायची तारेची घासणी, तीही नको. पितळी ब्रश तर अजिबात नको, त्यात तांबं असतं.

चालेल काय? प्लास्टिकचा किंवा लाकडी उलथना, नायलॉनचा ब्रश, हिरवी नायलॉनची घासणी. घाम निघतो, पण पत्रा वाचतो.

हिंगणा एमआयडीसीत सँडब्लास्टिंग करून मिळतं, ते करू का, असा प्रश्न येईलच म्हणून आधीच सांगतो: एवढ्या पातळ पत्र्याला वाळू मारली तर पत्रा ताणतो आणि वाकडा होतो. नको.

संत्रावाला

भाऊ, लय सोपं हाय. आमच्या टाक्यात शेवाळ झालं का मी मोरचूद टाकतो, दोन-तीन दिवसात पानी साफ. तुमी बोटीले बोर्डो, म्हंजे मोरचूद-चुन्याचं पानी, मारून द्या ना, शेवाळ बी मरंन अन् पुढं येनार बी नाही. पंप पायजे असंन तं माझा घेऊन जा, काटोलपर्यंत येनं पडन फक्त.

रसायनी

संत्रावाले भाऊ, बोर्डो संत्र्यालाच मारा हो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते ओलं ॲल्युमिनियमवर पडलं की त्यातलं तांबं सुटून पत्र्यावर बसतं आणि त्याच्या बदल्यात ॲल्युमिनियम विरघळतं. बसलेला प्रत्येक तांब्याचा कण पाण्यात पुढेही त्याच्या शेजारचं ॲल्युमिनियम खात राहतो. वर बोर्डोतला चुना तीव्र अल्कली, तोही या धातूला सोसत नाही. पंपही तो नको. कितीही धुतला तरी नळीत निळा साका उरतोच. नवा कोरा पंप असेल तर तो मात्र फार कामाचा आहे, पुढे सांगते.

याच कारणाने बाजारात मिळणारे तांबंयुक्त अँटिफाउलिंग (तळावर शेवाळ धरू न देणारे) रंग उघड्या ॲल्युमिनियमला लावत नाहीत. ते फायबरच्या बोटींसाठी.

आता मूळ प्रश्न. माझी नोकरी धातूंच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून जरा लांबण लावते.

ॲल्युमिनियम मुळात फार क्रियाशील धातू. तो टिकतो तो अंगावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. हा पापुद्रा काही नॅनोमीटर जाड, हवेत आपोआप तयार होतो आणि खरचटला तर पुन्हा येतो. साधारण पीएच ४ ते साडेआठ या टप्प्यात तो शाबूत राहतो. त्याच्या खाली आम्लात विरघळतो, वर अल्कलीत. लोखंडाचा अनुभव असलेल्या माणसाची गल्लत होते ती इथेच. त्याला वाटतं आम्ल वाईट आणि सोडा सौम्य. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा टाकला तर तो फसफसून धातूच खातो आणि हायड्रोजन सोडतो. म्हणून तुंबलेल्या नळाची पावडर, ओव्हन क्लीनर, कॉस्टिकवालं डिग्रीझर यातलं काही बोटीजवळ आणू नका.

गॅरेजवाल्याचं तेजाब म्हणजे बहुतेक हायड्रोक्लोरिक आम्ल, संडास साफ करायच्या द्रवात असतं तेच, फक्त जास्त तीव्र. चुना झटक्यात जातो हे खरं. पण त्यातला क्लोराइड ऑक्साइडचा पापुद्रा जागोजागी फोडतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खोल खड्डे पाडतो. त्या दिवशी पत्रा चमकतो, खड्डे नंतर दिसतात. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचनेही असेच खड्डे पडतात. आणि ब्लीच व आम्ल एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो तर थेट फुप्फुसात जातो.

तर्री_पोहे

वाचनखूण साठवली. माझ्याकडे बोट नाही, पण ॲल्युमिनियमच्या खिडक्या आहेत.

पाणकोंबडा

काकू, म्हणजे काहीच लावायचं नाही का? नुसतं घासून पांढरा पट्टा हलत नाही, करून पाहिलं.

रसायनी

लावायचं आहे, पण आधी ओळखायचं. तुमच्या वर्णनावरून तीन वेगळे थर दिसतात आणि तिघांना औषधही वेगळं.

स्वयंपाकघरातलं साधं पांढरं व्हिनेगर घ्या, एकेक थेंब टाका. बुडबुडे आले तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाण्याच्या रेषेवर लाटेने पत्रा ओला होतो, नागपूरच्या उन्हात लगेच वाळतो, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. दिवसभर हेच चालू. वाफवाफ करणाऱ्या एप्रिल-मेमध्ये तलावाचं पाणी आटून आणखी क्षारयुक्त होतं, तेव्हा पट्टा झपाट्याने वाढतो.

बुडबुडे आले नाहीत तर तो शेवाळाचा, गाळाचा नाहीतर पेट्रोल-तेलाचा थर. त्याला आम्लाने काही होत नाही.

गंमत अशी की हे दोन्ही एकमेकांना धरून वाढतात. शेवाळ प्रकाशात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे त्याच्या अंगालगतच्या पाण्याचा पीएच वाढतो आणि चुना तिथेच बसतो. त्या खरखरीत चुन्यावर पुन्हा शेवाळ धरतं. असे पदर चढत गेले की वरून घासलं तर चुना अडवतो आणि आम्ल टाकलं तर बुळबुळीत पदर अडवतो. पट्टा हलत नाही तो म्हणून. आधी शेवाळ, मग चुना, पुन्हा घासणं, हाच क्रम.

खाजऱ्या गाठी बहुधा गोड्या पाण्यातले स्पंज. आपल्याकडच्या तळ्यांत ते सर्रास असतात. त्यांच्या अंगात सिलिकाच्या सूक्ष्म सुया असतात, त्या कातडीत शिरतात. वाळल्यावर घासले तर धूळ डोळ्यांत आणि नाकात जाते. ओले करून, हातमोजे घालून, उलथन्याने काढा.

वेल्डर_हिंगणा

काकूंच्या बोलण्यात एक भर. बोट बाहेर काढली त्याच तासात प्रेशर वॉशर मारला असता तर निम्मं काम फुकटात झालं असतं. ओला शेवाळ सुटतो, वाळलेला चिकटून बसतो. आता वाळलाच आहे तर जुनी पोती नाहीतर गोणपाट भिजवून तळावर बांधा, रात्रभर ओलं राहू द्या. कूलरच्या खसाला पाणी देतो तसा छोटा पंप लावला तरी चालेल. सकाळी प्रेशर वॉशर. हिरवं नोझल, म्हणजे २५ अंशांचं. लाल नोझलची सुईसारखी धार वेल्डच्या रेषेवर आणि डेकच्या जोडांवर मारू नका. फूटभर अंतर ठेवा, तिरपं धरा.

आणि बोट कशावर टेकवली आहे ते बघा. नुसत्या विटांच्या चार थप्प्यांवर असेल तर पत्र्याला पोचे पडतील. ट्यूबच्या लांबीत लाकडी ओंडके द्या.

रसायनी

शेवाळ गेल्यावर पांढऱ्या पट्ट्यासाठी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. इतवारीत किराणा ओळीत किलोने मिळतं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम. नवा फवारणी पंप इथे कामाला येतो.

वेळ पहाटेची. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर पत्र्याला हात लावता येत नाही. तापलेल्या पत्र्यावर द्रावण पडलं की पाणी उडतं, आम्ल तिथेच घट्ट होतं आणि कायमचे डाग देतं. आधी पत्रा साध्या पाण्याने ओला करा. फवारणी खालून वर करा. वरून केली तर ओघळ खालच्या कोरड्या भागावर उतरतात आणि त्यांच्या रेघा निघत नाहीत. एका वेळी हातभर लांबीचाच भाग घ्या. दहा मिनिटं, मध्ये वाळू लागलं तर पुन्हा फवारा, नायलॉनच्या घासणीने घासा, भरपूर पाण्याने धुवा. उरलं तर पुन्हा तेच. शेवटी खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी फिरवून पुन्हा साधं पाणी.

पट्ट्याखाली चहासारखे तपकिरी डाग निघाले तर ते कुजलेल्या पानांचे. रामटेककडे सागाची, पळसाची पानं पाण्यात पडतातच. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागू पडतं, पण ते विषारी आहे. डाग दिसायला वाईट, पत्र्याला त्रास नाही. मी असते तर सोडून दिले असते.

शंकासुर

काकू, माफ करा, पण गोंधळ झाला. पीएच ४ च्या खाली पापुद्रा विरघळतो म्हणालात. लिंबूफुलाच्या ५ टक्के द्रावणाचा पीएच २ च्या आसपास येतो. मग हे चालतं आणि तेजाब चालत नाही, हे कसं?

रसायनी

बरोब्बर पकडलंत. विरघळतो का, याचं उत्तर दोन्हीकडे "हो". फरक वेगाचा आणि क्लोराइडचा. लिंबूफुलात क्लोराइड नाही, त्यामुळे खोल खड्डे पडत नाहीत, झीज वरवर आणि सावकाश होते. गार पत्र्यावर दहा मिनिटांत ती हिशोबात धरण्याएवढी नसते. तेच द्रावण लावून जेवायला गेलात किंवा गरम करून वापरलंत तर मीही जबाबदारी घेणार नाही. म्हणूनच दहा मिनिटं म्हटलं.

घरातलंच बघा. खारं पाणी असेल तर कुकर आतून काळा पडू नये म्हणून आपण तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा लिंबाची फोड टाकतो. कुकरला वर्षानुवर्षं काही होत नाही.

धरमपेठी

ट्रकच्या टाक्या, ट्रेलर चमकवायला "ॲल्युमिनियम ब्राइटनर" म्हणून मिळतं. नावातच ॲल्युमिनियम आहे. ते का नको?

रसायनी

डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. नुसतं फॉस्फोरिक ॲसिड असेल तर जपून, पातळ करून चालेल. हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेलं असेल तर डबा जिथल्या तिथे ठेवा. फ्लोराइड कातडीतून आत उतरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमला जाऊन धरतं. पातळ द्रावण असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, काही तासांनी कळ येते आणि तोवर आत नुकसान झालेलं असतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात. ते हाताशी नाही आणि तलावाकाठी बनियन-चपलेवर काम चाललंय, अशा ठिकाणी ही वस्तू नकोच. काहीच लिहिलेलं नसेल तर तो डबा सगळ्यात वाईट.

डोंगा

सगळे बोटीचंच बोलून राहिले. आमी त्याच पान्यात जाळं टाकतो. हे तेजाब म्हना का लिंबूफूल, धुतलेलं पानी जाईन कुठं? उतारानं तलावातच ना? मांगं एका ठिकानी कोनं तरी बोट धुतली, काठाले दोन दिवस फेस होता. मासोळी काठालेच अंडे देते, हे ध्यानात ठेवा.

पाणकोंबडा

दादा, बरोबर आहे तुमचं. बोट काठापासून जरा वर ओढून घेतो. खाली ताडपत्री अंथरतो आणि पाणी एका खड्ड्यात गोळा करतो. चालेल?

रसायनी

चालेल. गोळा झालेल्या पाण्यात फस् होणं थांबेपर्यंत खाण्याचा सोडा टाका, मग ते काठापासून लांब मुरू द्या. खरवडलेला गाळ आणि स्पंज पुरून टाका. दुसऱ्या तळ्यात तर मुळीच जाऊ देऊ नका. स्पंजाची बीजं वाळूनही जिवंत राहतात. आज फुटाळ्यात, उद्या अंबाझरीत अशा बोटी फिरवणाऱ्यांनी तळ नीट घासून-धुऊन, मग वाळवूनच बोट न्यावी. अंबाझरीला जलपर्णी काय कमी आहे, त्यात आणखी भर नको.

डोंगा

जमते मंग.

संत्रावाला

काकू, पंप नवा हाय एक, पॅकिंग बी फोडली नाही. पाठवू का? मोरचुदाचं मागं घेतो.

पाणकोंबडा

मंडळी, एक ट्यूब झाली.

गोणपाट आणि प्रेशर वॉशरने हिरवा थर जवळजवळ सगळा गेला. खाजऱ्या गाठी ओल्या असताना उलथन्याने सालपटासारख्या सुटल्या. पांढऱ्या पट्ट्यावर व्हिनेगर टाकल्या टाकल्या फसफसलं. लिंबूफुलाचा पहिला हात मारला तेव्हा वाटलं काहीच झालं नाही, पण घासल्यावर चुन्याखालून शेवाळाचा दुसरा पदर निघाला, काकू म्हणाल्या अगदी तसाच. तो घासून पुन्हा फवारलं तेव्हा पत्रा दिसला. चमकत नाही मात्र, मंद राखाडी आहे. मामांना चमक हवी आहे. पॉलिश मारू का?

रसायनी

तो राखाडी रंग म्हणजेच संरक्षण. तो घाण नव्हे. पाण्याखालच्या भागाला पॉलिश मारून काय मिळणार? पापुद्रा काढाल, तो पुन्हा येईल, पुन्हा राखाडी होईल. मामांना रेलिंग चमकवायला द्या, ती पर्यटकांना दिसते.

तळ उघडाच ठेवा असं माझं मत. रंग लावायचाच तर ॲल्युमिनियमसाठीचा एपॉक्सी प्रायमर, तोही पत्रा घासल्यावर काही तासांच्या आत, आणि वर तांबंविरहित रंग. पण रंग कुठे खरचटला की पाणी त्याच्या खाली शिरतं आणि दिसत नाही. त्यापेक्षा हिवाळ्यात मध्येच एकदा बोट पाण्यात असतानाच लांब दांड्याच्या मऊ ब्रशने तळ पुसून घ्या. कोवळं शेवाळ हाताने निघतं. शेवाळच नसेल तर चुन्यालाही धरायला जागा कमी.

वेल्डर_हिंगणा

ॲनोड, म्हणजे बोटीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, आहे का बोटीला? गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा लागतो. जस्ताचा समुद्रासाठी. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून तो काम करेनासा होतो. इंजिनाच्या खालच्या भागावरही असतो, तोही बघा. ॲनोडला रंग मारू नका, बरेच जण मारतात.

आणि डेकखालून एखादी तांब्याची वायर लोंबून ट्यूबला टेकली असेल तर आधी ती काढा. ट्यूबवर पडलेलं नाणंसुद्धा खड्डा पाडतं.

पाणकोंबडा

ॲनोड होता, त्याचा नुसता बोल्ट उरलाय. नवा मागवतो.

आता नवीन भानगड. दुसऱ्या ट्यूबच्या मागच्या टोकाला, जुन्या वेल्डशेजारी, थर काढल्यावर दाभणाच्या टोकाएवढं भोक निघालं. आतून थेंब थेंब पाणी येतंय. म्हणजे इतके दिवस तो चुनाच बूच होऊन बसला होता! आणखी खड्डे आहेत, पण आरपार नाहीत.

रसायनी

खड्डे खोल आणि पुष्कळ असतील तर डागडुजीच्या आधी पत्र्याची जाडी मोजून घ्या. अमरावती रोडवर वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, ॲल्युमिनियमचं असं केंद्र आपल्याच गावात असताना अंदाजाने काम करू नये. तिथे विचारून बघा.

वेल्डर_हिंगणा

वेल्डिंगआधी ते पाणी पूर्ण काढा. ट्यूब आतून कप्प्याकप्प्यांची असते. ज्या कप्प्यात भोक आहे त्याचा प्लग उघडा आणि वेल्डिंग संपेपर्यंत उघडाच ठेवा. बंद कप्प्यावर आर्क लावली तर आतली हवा तापून फुगते आणि वितळलेला धातू तोंडावर उडवते. आत पेट्रोलचा वास येत असेल तर वेल्डिंग करूच नका, आधी कप्पा धुऊन हवेशीर करा.

टिग वेल्डिंगने करा. ५०५२ ला फिलर, म्हणजे भरणीची तार, ५३५६ ची. भोकाभोवती दोन-तीन इंच भाग आधी ॲसिटोनने पुसा, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासा. लोखंडाला लावलेला ब्रश नको. मी वर वायरब्रश नको म्हणालो आणि आता ब्रश सांगतोय असं म्हणू नका. हा वेल्डच्या जागेपुरता, कोरा आणि हलक्या हाताने. चुन्याचा कण राहिला तर वेल्ड सच्छिद्र होईल आणि तुम्ही पुन्हा इथेच याल.

झाल्यावर हवा भरून साबणाच्या पाण्याने तपासा. दाब दोन पीएसआय (दर चौरस इंचाला दोन पौंड), त्याच्या वर नाही. सायकलच्या पंपाने भरा. कंप्रेसर जोडू नका.

शंकासुर

दोन पीएसआय म्हणजे फारच कमी नाही का? सायकलच्या चाकात त्याच्या वीसपट असतो.

वेल्डर_हिंगणा

ट्यूबचा व्यास दोन फूट असेल तर टोकाच्या झाकणाचं क्षेत्रफळ साडेचारशे चौरस इंच होतं. दोन पीएसआयला झाकणावर चारशे किलोचा रेटा येतो. कंप्रेसरने वीस भरला तर चार टन. झाकण उडून समोरच्या झाडात जाईल.

शंकासुर

पटलं.

पाणकोंबडा

प्लगमधून हवा भरायची कशी? त्याला वॉल्व नाही.

वेल्डर_हिंगणा

जास्तीचा एक प्लग घ्या, मधोमध भोक पाडा आणि पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व बसवून आणा. रबरी बुडामुळे हवा धरतो. तपासणी झाली की मूळ प्लग आटे साफ करून परत लावा आणि वॉल्ववाला डब्यात ठेवून द्या, पुढच्या उन्हाळ्यात परत लागेल.